सेट मोडल्यावर

चि. मुक्तास,
अनेक आशीर्वाद.

प्रयोग संपले, सेट मोडला आणि फ्लॅट, म्हणजे त्या रंगवलेल्या खोट्या भिंती, पांढरे करून पुढच्या नाटकाला दिले, हे तू फोनवर किती सहज सांगितलंस! शिवाय आता कॅनव्हास बाजूला ठेवून पूर्णवेळ नेपथ्यच करणार म्हणालीस. कर. बाबा आणि मी तुझ्या पाठीशी आहोत, एवढंच लिहायला बसले होते.

पण ती ओल आलेली भिंत डोळ्यांपुढून जात नाही. पोपडे, खिळ्याखालून ओघळलेला गंज, उतरवलेल्या तसबिरीची फिकट चौकट. मध्यंतरात तू मला विंगेत नेलंस, तेव्हा जवळून नुसते स्पंजचे डाग आणि ब्रशचे फराटे दिसले. शेवटच्या रांगेत परत येऊन बसले, तर पुन्हा भिंत. शेजारची बाई तिच्या नवऱ्याला म्हणाली, “इथं कोंदट वाटतंय.” हे माझ्या मुलीनं केलंय, असं तिला सांगावंसं फार वाटलं. आणि त्या भिंतीवर आता पांढरा रंग!

जाऊ दे, तो विषय नको.

लहानपणी कपाटाच्या मागे खडूनं गाव काढायचीस आणि मला हाताला धरून एका ठरावीक पाटावर बसवायचीस. “उभी राहू नकोस, इथूनच बघ.” माईआत्या म्हणायची, ही पोर चित्र नाही, माणसाला बसवायची जागा काढते. परवा ग्राउंड प्लॅनवर, म्हणजे रंगमंचाच्या वरून काढलेल्या नकाशावर, कडेच्या खुर्चीपासून रेघ ओढून कोणाला काय दिसेल ते तू समजावत होतीस, तेव्हा मला तो पाटच आठवत होता. निळ्या प्रकाशात तुझा विटकरी दरवाजा काळा पडला आणि तू रात्रभर जागून तो पुन्हा रंगवलास, तेही तुझ्या तोंडून नाही, दादाकडून कळलं. रात्री शिडीवर एकटी चढत जाऊ नकोस.

तू सांगितलेली नावं मी शोधून वाचली. शिल्पकार नोगुचीनं 1935 मध्ये नर्तकी मार्था ग्रॅहमच्या नृत्यासाठी कुंपणाचा एक तुकडा आणि वर दोन्ही कोपऱ्यांकडे गेलेला दोर एवढंच ठेवलं, आणि त्यात अख्खं माळरान उभं राहिलं. पिकासोनं 1917 मध्ये ‘पराद’ या बॅलेसाठी रंगवलेला पडदा अजून जपलेला आहे; उंची 10 मीटरच्या वर, रुंदी 16 मीटरच्या वर. वाचून फार बरं वाटलं. मग वाटलं, तो पिकासोचा म्हणून राहिला. तो चेक नेपथ्यकार स्वोबोडा आधी सुतारकाम शिकला, मग वास्तुकला. 700 हून जास्त नाटकं-ऑपेरांचं नेपथ्य केलं त्यानं. त्यातलं आज उभं किती असेल?

बघ, परत तिथंच आले. म्हणून सांगते, ऐक. सेट लागला की रंगमंचावर कुणी येण्याआधी फोटो काढ, आणि प्रकाशयोजनेसह वेगळे काढ. रेखाटनांवर सही आणि तारीख घाल. करारात आराखड्याचे हक्क कोणाकडे राहतात ते वाचल्याशिवाय सही करू नकोस. जाहिरातीत नेपथ्यकाराचं नाव गाळलं तर गप्प बसू नकोस. तू संकोच करतेस, आणि लोक त्याचा फायदा…

हा उपदेश झाला. रागावू नकोस. तुला हे सगळं माझ्यापेक्षा जास्त कळतं. नाटक बघून गेलेल्या माणसाच्या डोक्यात भिंत राहते, असं तू म्हणालीस तेही मला पटलंय. दिवसा पटतं. रात्री मात्र वाटतं, चाळिशीत तुला कुणी विचारलं, “तुमचं काम दाखवा,” तर तू हात लावून काय दाखवशील?

सेटचं ते 1:25 मापाचं छोटं मॉडेल तरी टाकू नकोस. पुठ्ठ्याचा 7 सेंटिमीटरचा माणूस खुर्चीपाशी उभा आहे ते. दादाला त्यासाठी काचेची पेटी करायला सांगितली आहे. लांबी, रुंदी, उंची, तिन्ही मापं कळव. उंची विसरशील, म्हणून पुन्हा लिहिते. माळ्यावरचे तुझे कॅनव्हास मी हलवलेले नाहीत.

तुझी,
आई