मिलोसच्या अनोळखी मंडळींनो, मनापासून आभार!

ग्रीसच्या मिलोस बेटावर आम्ही मित्रमैत्रिणी एटीव्ही (चार जाड चाकांच्या उघड्या मोटरगाड्या) घेऊन दिवसभर मनसोक्त हिंडलो. सकाळी साराकिनिकोचे पांढरेशुभ्र खडक पाहिले, दुपारी पालिओखोरीला गेलो. तिथे जमिनीखालच्या उष्णतेने वाळू जागोजागी तापलेली असते. पण तो दिवस पार पडला तुमच्यामुळे.

पालिओखोरीहून परतताना ऐन चढावर एक एटीव्ही पंक्चर झाली. मेल्तेमी वारा असा सुटला होता की एकमेकांचं बोलणंही ऐकू येईना. पिकअपवाले काका, तुम्ही न बोलावताच थांबलात. बाटलीतलं पाणी टायरवर ओतून बुडबुडे कुठून येतात ते पाहिलंत, पकडीने खिळा उपसलात, छिद्रात रबराची वात दाबून बसवलीत आणि वर उरलेलं टोक सुरीने कापून टाकलंत. पैसे पुढे केले तर छातीवर हात ठेवून नकोच म्हणालात. असा भला माणूस भेटायला भाग्य लागतं!

समोरच्या घरातल्या आजी, तुम्ही सावलीत बसवून गार पाणी आणि कलिंगडाच्या फोडी दिल्यात, त्याची चव अजून जिभेवर आहे.

आणि क्लिमा या किनाऱ्यावरच्या कोळ्यांच्या वस्तीतल्या ताई, खाली होडी आणि वर माणसं अशी ती रंगीत घरं तुम्ही किती आपुलकीने समजावलीत! व्हीनसचा प्रसिद्ध पुतळा १८२० साली इथूनच जवळ, वरच्या उतारावर सापडला, तेही तुम्हीच सांगितलंत.

पुण्याला कधी आलात तर जेवायला आमच्याकडेच यायचं.