औषधसुरक्षेत प्रमाणपत्रे वाढली, केस वाचणारे कधी तयार करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

फार्मसीचे निकाल लागले की पुण्या-मुंबईत फार्माकोव्हिजिलन्सच्या वर्गांच्या जाहिराती झळकू लागतात. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेऊन त्यांची छाननी करण्याचे हे काम. बी. फार्म., फार्म. डी., बीडीएस, बीएचएमएस झालेली मुले त्यात येतात आणि त्यांची गरजही आहे. मात्र अनेक वर्गांत व्याख्या पाठ करून घेतात, सॉफ्टवेअरची तोंडओळख करून देतात आणि प्रमाणपत्र हातावर ठेवतात. आलेली केस, म्हणजे एका रुग्णाच्या त्रासाची नोंद, नीट वाचणे हे खरे काम. ते शिकवायचे राहूनच जाते. नवोदितांना या कामात तयार करणारे म्हणून आम्ही हे पत्र लिहीत आहोत.

केस ग्राह्य धरायला चार गोष्टी लागतात : ओळख पटण्याजोगा रुग्ण, माहिती देणारी व्यक्ती, संशयित औषध आणि झालेला त्रास. हे पहिल्या दिवशीच कळते. कस लागतो तो त्यानंतर. समजा, फॉर्मवर लिहिले आहे : ‘स्त्री, २२ वर्षे. ताप, अंगावर पुरळ, रुग्णालयात दाखल. औषध : अँटिबायोटिक.’ नवखा मुलगा मेड्रा या वैद्यकीय संज्ञांच्या शब्दकोशातून ‘पुरळ’ निवडतो, संशयिताच्या रकान्यात अँटिबायोटिक टाकतो आणि केस पुढे सरकवतो. जाणकार इथे थांबतो. अँटिबायोटिक पुरळ येण्याआधी सुरू झाले, की तापावर म्हणून नंतर दिले? चेहरा सुजला होता का, गाठी आल्या होत्या का? रक्तातील इओसिनोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी) आणि यकृताच्या तपासण्या काय सांगतात? मागच्या आठ आठवड्यांत आणखी कोणत्या गोळ्या घेतल्या? ‘ड्रेस’ नावाची गंभीर प्रतिक्रिया (ताप, पुरळ आणि यकृतासारख्या अवयवांना इजा) औषध सुरू केल्यापासून साधारण दोन ते आठ आठवड्यांनी उमटते, त्यामुळे काल-परवाची औषधे विचारून भागत नाही. पाळीच्या दुखण्यावर घेतलेली गोळी तर रुग्ण अनेकदा औषधांत धरतच नाही. अशा गोळीतल्या मेफेनॅमिक ॲसिडमुळे ड्रेस होऊ शकतो, असा इशारा इंडियन फार्माकोपिया कमिशन या औषधांची मानके ठरवणाऱ्या सरकारी संस्थेने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी दिला, तो देशभरातून आलेल्या नोंदी तपासूनच. नोंदींत नुसते ‘ताप व पुरळ’ राहिले, तर असा धागा हाती लागत नाही.

कार्यकारणभाव ठरवतानाही हीच अडचण येते. त्रास औषधामुळेच झाला का, हे गुणांनी ठरवणाऱ्या नॅरांजो मापनात दहा प्रश्न आहेत. नऊ किंवा अधिक गुण म्हणजे निश्चित, पाच ते आठ म्हणजे बहुधा, एक ते चार म्हणजे शक्य. प्लासिबो (औषध नसलेली गोळी) दिल्यावर काय झाले, रक्तात औषधाची पातळी किती होती, या प्रश्नांना आपल्याकडच्या बहुतेक केसमध्ये ‘माहीत नाही’ हेच उत्तर असते आणि त्याला शून्य गुण. यांत्रिकपणे खुणा करणाऱ्याच्या केस मग ‘शक्य’मध्ये साचत जातात. खरे तर पुरावा कधीकधी रुग्णाच्या बोलण्यातच असतो. ‘मागच्या वेळी जुलाबाची गोळी घेतली तेव्हाही ओठावर याच जागी काळा डाग उठला होता,’ असे कोणी सांगितले, तर औषध पुन्हा दिल्यावर त्रास पुन्हा झाल्याची ती नोंद आहे. प्रशिक्षणार्थी हे वाक्य ‘पूर्वेतिहास’ म्हणून बाजूला टाकतो. अशी नजर स्लाइड पाहून येत नाही, ती कुणाच्या तरी शेजारी बसूनच येते.

आमच्या मते पहिले दोन आठवडे संगणक बंदच ठेवावा. रुग्णांची ओळख काढून टाकलेल्या, बंद झालेल्या केस कागदावर द्याव्यात. प्रत्येकीची कालरेषा हाताने काढायची : औषध कधी सुरू, कधी बंद, त्रास कधी सुरू, कधी थांबला. मग डॉक्टरांना काय विचारायचे ते लिहायचे, तेही तीन-चारच प्रश्नांत. पंधरा प्रश्नांची यादी पाठवली की बहुधा एकाचेही उत्तर येत नाही. त्यानंतर चालू केस द्याव्यात. नवखा आणि मार्गदर्शक यांनी आपापला निष्कर्ष स्वतंत्रपणे लिहावा आणि मगच ताडून पाहावा. पहिले तीन महिने प्रत्येक केस तपासली जावी आणि चुकीच्या खुणेपुढे कारण लिहिलेले असावे.

तारखेची एक चूक तर सगळीकडे होते. शुक्रवारी संध्याकाळी आलेला ईमेल सोमवारी उघडला, तर नवखा सोमवार हा ‘डे झिरो’ (मुदत जिथून मोजायची तो दिवस) धरतो. माहिती औषध कंपनीकडे पोचली तो शुक्रवार. गंभीर आणि अनपेक्षित दुष्परिणाम १५ दिवसांत कळवायचा असतो, त्यातले तीन दिवस तिथेच गेलेले असतात.

हे सगळे फिसकटते ते मार्गदर्शकाला वेळ न दिल्यामुळे. त्याच्यावर इतरांइतकेच रोजच्या केसचे लक्ष्य असते, म्हणून तो संध्याकाळी उशिरा घाईघाईने तपासतो आणि चूक स्वतःच दुरुस्त करून मोकळा होतो. शिकणाऱ्याला चूक झाल्याचे कळतही नाही. एका मार्गदर्शकाकडे चारपेक्षा जास्त नवखे देऊ नयेत आणि त्याचे स्वतःचे लक्ष्य निम्मे करावे. कंपन्यांना हे महाग वाटेल, पण पाठवलेला अहवाल पुन्हा दुरुस्त करत बसणे त्याहून महाग पडते.

महाविद्यालयांनाही बरेच करता येईल. फार्मसी कौन्सिलच्या बी. फार्म. अभ्यासक्रमात शेवटच्या सत्रात हा विषय ऐच्छिक आहे. २०१० मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाची नोंदणी केंद्रे अनेक वैद्यकीय महाविद्यालयांत आहेत आणि गाझियाबादच्या फार्माकोपिया कमिशनचे कौशल्य प्रशिक्षणही आहे. जवळच्या केंद्राशी बोलून प्रत्येक विद्यार्थ्याला दोन आठवडे वॉर्डात पाठवावे आणि देखरेखीखाली किमान पाच फॉर्म भरून घ्यावेत. गोळ्यांची पट्टी स्वतः मागून घटक आणि बॅच क्रमांक उतरवून घेतला, म्हणजे ‘बीपीची पांढरी गोळी’ एवढ्यावर का भागत नाही हे कळते.

वर्गाची फी भरण्याआधी पालकांनी इतके तरी विचारावे : शिकवणाऱ्याने स्वतः केस हाताळल्या आहेत का, मुलांकडून किती केसचे वृत्तांत लिहून घेतले जातात आणि ते तपासून, शेऱ्यांसह परत मिळतात का. तपासलेला एखादा वृत्तांत दाखवायला सांगावा.

आपले,
औषधसुरक्षा क्षेत्रातील काही प्रशिक्षक, पुणे