आई-वडिलांना सांभाळण्याची सक्ती आहे, रजा मात्र नाही

संपादक महोदय,

आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम २००७ सालचा आहे. म्हाताऱ्या आई-वडिलांना वाऱ्यावर सोडणाऱ्याला त्यातील कलम २४ नुसार तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. पण वडिलांच्या ऑपरेशनच्या दिवशी त्याच मुलाला दवाखान्यात थांबायचे असेल, तर खासगी नोकरीत खास त्या कारणासाठी एका दिवसाचीही हक्काची रजा नाही. सातपूर, अंबड, सिन्नर, गोंदे या नाशिक परिसरातल्या औद्योगिक वसाहतींतील कामगारांच्या नोकऱ्या याच फटीत अडकून जातात. त्यातल्या बऱ्याच वाचू शकतात, म्हणून हे पत्र.

आधी हातात काय आहे ते पाहू. वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा मिळते. कारखान्यात त्यासाठी पूर्वी वर्षात २४० दिवस भरावे लागत. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या केंद्रीय कामगार संहितेत ही अट १८० दिवसांवर आली आहे. वर्षाचे तीनशे दिवस भरले तर हाती पंधरा रजा. घरात आठवड्यातून दोनदा डायलिसिस असेल तर वर्षाच्या १०४ फेऱ्या होतात, एका वेळेला मशीनवरच सुमारे चार तास. पंधरा रजा दोन महिन्यांत संपतात. अशा घराला रजेपेक्षा कायम एकच पाळी किंवा पाळीची अदलाबदल जास्त उपयोगाची. ती लेखी मागावी आणि मंजुरीही लेखी घ्यावी. सुपरवायझरने तोंडी दिलेली सवलत सुपरवायझर बदलला की संपते. दुकाने व आस्थापना कायदा २०१७ ज्यांना लागू आहे त्यांना वर्षाला आठ किरकोळ रजाही मिळतात. त्या तिमाहीगणिक जमा होतात आणि वर्षअखेर बुडतात.

पगार २१ हजारांपर्यंत असेल तर ईएसआयमध्ये (कर्मचारी राज्य विमा योजनेत) पत्नी, मुले आणि अवलंबून असलेल्या आई-वडिलांवर उपचार होतात. आजारपणाचा भत्ता मात्र (वेतनाच्या ७० टक्के, वर्षात ९१ दिवसांपर्यंत) विमाधारक स्वतः आजारी असेल तरच मिळतो. आईच्या खाटेशी बसलेल्या मुलाचा खाडा कुणीच भरून देत नाही.

सगळ्यात जास्त घात इथेच होतो. घरचे माणूस आजारी असते आणि कामगार स्वतःच्या नावावर आजारपणाचा दाखला आणतो. 'सगळेच आणतात' असे त्याला टाइम ऑफिसच्या दारातच कुणीतरी सांगितलेले असते. पुढे त्याच तारखांना त्याची सही आईच्या ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सापडते आणि साध्या गैरहजेरीची केस फसवणुकीची होते. खोटी माहिती देऊन भत्ता घेणे हा फौजदारी गुन्हाही आहे. गैरहजेरीतून नोकरी वाचवता येते, खोट्या दाखल्यातून वाचवणे फार कठीण. खरे कारण लिहा. खऱ्या कारणाला न्यायालयात वजन आहे, ते पुढे येतेच.

अर्जात 'घरगुती अडचण' एवढेच लिहू नये. रुग्णाचे नाव, नाते, दवाखाना, दाखल केल्याची तारीख, किती दिवस लागतील याचा अंदाज आणि घरात दुसरे कुणी थांबण्यासारखे का नाही, हे चार-पाच ओळींत मांडावे. डॉक्टरांकडून दाखल्यात 'रुग्णासोबत नातेवाइकाने थांबणे आवश्यक' हे वाक्य मागून घ्यावे. नुसत्या दाखल्यातून आई आजारी होती एवढेच दिसते, तुमची गरज दिसत नाही. अर्जाच्या प्रतीवर आवक शिक्का घ्यावा. शिक्का देत नसतील तर ईमेल करावा किंवा स्पीड पोस्टाने पाठवावा आणि पावती जपावी. व्हॉट्सॲपवर साहेबांनी अंगठा दाखवला म्हणजे रजा मंजूर झाली असे नाही. तरी तो संदेश पुसू नये, रजा कळवली होती एवढे त्यातून दिसते. रजा नाकारतील हे माहीत असले तरी अर्ज द्यावाच. मागूनही न मिळालेली रजा पुढच्या वर्षात नेता येते, न मागितलेल्या रजेचा पुरावा कुठून आणणार?

रजा वाढवायची असेल तर ती संपण्याआधी कळवावे. अनेक कंपन्यांच्या स्थायी आदेशांत (नोकरीच्या अटींच्या लेखी नियमांत) रजा संपल्यावर आठ दिवसांत हजर होऊन खुलासा न दिल्यास नोकरीवरचा हक्क जातो, असे कलम असते. सलग दहा दिवसांहून जास्त बिनपरवानगी गैरहजेरी हे गैरवर्तन धरले जाते. पण या कलमांचा अर्थ 'नाव आपोआप कमी' असा होत नाही. डी. के. यादव विरुद्ध जे.एम.ए. इंडस्ट्रीज (१९९३) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की म्हणणे मांडण्याची संधी आणि चौकशी यांशिवाय असे कमी करणे नैसर्गिक न्यायाला धरून नाही. कृष्णकांत परमार प्रकरणात (२०१२) तर आजारपण, अपघात, रुग्णालयात दाखल होणे अशा हाताबाहेरच्या कारणाने झालेली गैरहजेरी हेतुपुरस्सर म्हणता येणार नाही, असे म्हटले. तो खटला सरकारी कर्मचाऱ्याचा होता, तरी खुलाशात त्याचा आधार घ्यावा.

म्हणून शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस आली की ती घ्यावी. परत पाठवली तर 'नोटीस नाकारली' अशी नोंद होते आणि चौकशी एकतर्फी चालते. उत्तर मुदतीत, तारखांसह, दवाखान्याच्या कागदांच्या झेरॉक्स जोडून द्यावे. चौकशी न करता किंवा क्षुल्लक चुकीसाठी भलतीच मोठी शिक्षा म्हणून कामावरून काढले, तर महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंध कायद्याखाली ती अनुचित कामगार प्रथा ठरू शकते. मात्र तक्रार ९० दिवसांच्या आत करावी लागते. 'आता राजीनामा दे, आई बरी झाली की परत घेऊ' यावर सही करू नये. सलग सेवा तुटते, ग्रॅच्युइटीची वर्षे पुन्हा शून्यापासून मोजली जातात आणि परत घेतीलच याची लेखी हमी कुणी देत नाही. ठेकेदाराच्या कामगाराला तर नोटीसही येत नाही, गेटवर पंचिंग बंद झाले की कळते. त्याने त्याच आठवड्यात ठेकेदार आणि मूळ कंपनी दोघांनाही 'मी कामावर यायला तयार आहे' असे पत्र पाठवावे. नाहीतर तो स्वतःच काम सोडून गेला, असे दाखवले जाते.

सरकार आपल्या नोकरांसाठी हे जाणते. केंद्रात मुलांसाठी ७३० दिवस बालसंगोपन रजा आहे, राज्यात १८०. दिव्यांग मुलांच्या आईला ही रजा नाकारण्याबाबत सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये हिमाचल सरकारला फेरविचार करायला लावला. खासगी नोकरीत बाळंतपणाची २६ आठवड्यांची रजा आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर, इथेच गाडी थांबते. लकव्याने पडलेला बाप किंवा कर्करोग झालेली सासू कुठेच बसत नाही. आणि सासूसाठी नोकरी सोडते ती बहुतेक वेळा सून. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेने महिला कर्मचाऱ्याच्या कुटुंबात अवलंबून असलेले सासू-सासरे धरले आहेत. मग रजेसाठी ते का धरू नयेत? ब्रिटनने एप्रिल २०२४ पासून वर्षाला एक आठवडा, बिनपगारी का होईना, शुश्रूषा रजेचा हक्क दिला. जपानमध्ये एका नातेवाइकामागे ९३ दिवस मिळतात.

राज्य सरकारने वर्षाला निदान सात दिवस पगारी कुटुंब शुश्रूषा रजा आणि त्यापुढे नोकरी राखून बिनपगारी रजा, अशी तरतूद करावी. ती होईपर्यंत नाशिकच्या कामगार संघटनांनी पुढच्या वेतनकराराच्या मागणीपत्रात हे कलम घालावे. कराराला कायद्याची वाट पाहावी लागत नाही. आकड्यावर घासाघीस होऊ द्या, पण 'आई-वडील, सासू-सासरे' हे चार शब्द कराराच्या कागदावर आलेच पाहिजेत.

– कामगार कायद्याचे काम पाहणारे काही सल्लागार, सातपूर, नाशिक