माझ्या भाच्याचं म्हणणं आधी लिहून घेणाऱ्या साहेबांना

साहेब, सप्रेम नमस्कार.

अडगळीच्या खोलीत सापडलेली ती पेटी तुमच्या बॉम्बनाशक पथकाने नेली, पण आमच्या छातीतली धडधड अजून गेलेली नाही. आजोबांनी विहिरीच्या सुरुंगासाठी आणलेल्या डायनामाइटच्या कांड्या, लाकडावर तेलकट डाग, कागदावर चिकट थेंब. नोबेलने १८६७ साली डायनामाइटचं पेटंट घेतलं ते नायट्रोग्लिसरीन नावाचं स्फोटक तेल मातीत जिरवून. जुन्या कांडीतून तेच पुन्हा पाझरतं आणि मग नुसता धक्काही पुरतो, हे तुमच्याकडूनच कळलं.

तुमच्याआधी आम्ही ज्यांना फोन केले, त्यांतला एक म्हणाला, "पिशवीत घाला, इकडे आणून द्या." दुसऱ्याने पाण्यात बुडवायला सांगितलं. नायट्रोग्लिसरीन पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही! जबाबदारीच्या खुर्चीत बसून माणसं इतकं बेफिकीर बोलतात, याचा मला आजही संताप येतो. तुम्ही मात्र पहिल्यांदा विचारलंत, "कुणी हात लावलाय का? सगळे लांब आहात ना?"

पेटी दिसली होती भाच्याला. घरातले सगळे त्याच्यावरच ओरडत होते, तिकडे गेलासच कशाला म्हणून. तुम्ही आलात आणि थेट त्याच्यासमोर उकिडवे बसलात. वही काढलीत. "तू पाहिलंस ना? मग तूच सांग." आम्ही मोठी माणसं मध्ये बोलायला लागलो, तर तुम्ही हातानेच थांबवलंत. झाकण उघडं होतं का? जवळ वायरी असलेल्या बारीक नळ्या होत्या का? त्याला आठवल्या, कोपऱ्यात पडलेल्या. डिटोनेटर, म्हणजे स्फोट सुरू करणाऱ्या नळ्या! रेडिओ लहरींनी त्या उडू नयेत म्हणून तुम्ही लगेच सगळ्यांचे मोबाइल आणि तुमच्या माणसांचे वॉकीटॉकी आणखी लांब न्यायला लावलेत.

मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालात, "हात न लावता मागे फिरलास आणि घरी सांगितलंस. बरोब्बर केलंस." ओरडणारे सगळे गप्प झाले, मीही. रागावलेलं पोर पुढच्या वेळी लपवतं, हे आमच्यापैकी कुणाच्याच डोक्यात आलं नव्हतं.

तुमचं काम जोखमीचं, घाईचं. तरी तुम्ही एका घाबरलेल्या मुलाला मान दिलात. शिकून येत नाही हे, माणसात असावं लागतं.

भाच्याला तुम्हाला पत्र लिहायचंय. त्याचं वेगळं येईल. पथकातल्या सगळ्यांना आमचा नमस्कार सांगा.