जिजाई ते जब्या

संपादक महोदय,

जुन्या मराठी चित्रपटांचे गोडवे गाताना नव्यांना नावे ठेवण्याची रीत मला पटत नाही. प्रभातच्या ‘संत तुकाराम’मध्ये (१९३६) तुकाराम साकारणाऱ्या विष्णुपंत पागनीसांपेक्षाही काकणभर सरस वाटते ती गौरी यांनी साकारलेली त्यांची बायको जिजाई. पोरांच्या भुकेने कावलेली, विठ्ठलाला फैलावर घेणारी ही बाई आजही जिवंत आहे. तेच अस्सलपण ‘फँड्री’त (२०१३) दिसते. डुक्कर वाहून नेणारे शाळकरी नायक जब्याचे कुटुंब भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या चित्रापुढून जाते, तो क्षण विसरता येत नाही. ‘सैराट’ची गाणी गाजली, मला मात्र त्यातला हैदराबादचा, संसाराच्या चटक्यांचा भाग अधिक मोलाचा वाटतो. ‘कोर्ट’ संथ आहे म्हणतात, पण खटल्याच्या तारखा तशाच रेंगाळतात. वाहिन्यांनी हे चित्रपट अपरात्री न दाखवता रविवारी दुपारी दाखवावेत.

– एक चित्रपटप्रेमी, सातारा