बाई, तुमचा आरसा अजून आहे ना?

आदरणीय बाई,

सप्रेम नमस्कार. मी २०१७ च्या आठवीतली, दिघ्याची. परवा महाप्याच्या ऑफिसात पहिल्या पगाराची स्लिप मिळाली. नाव अगदी बरोबर छापलंय, म्हणून तुमची आठवण आली. शाळेच्या रजिस्टरात माझं नाव एक आणि आधारवर दुसरं, हे तुम्हीच पकडलं होतं. "आत्ताच बदलून घे, नाहीतर पैसे अडकतील."

एनएमएमएस या आठवीतल्या शिष्यवृत्ती परीक्षेचं नाव आमच्या चाळीत कोणी ऐकलंही नव्हतं. नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे महिन्याला हजार. आईला एका घरच्या धुण्याभांड्यांचे तेवढेच मिळायचे. आठवी झाली की मला सोबत न्यायचं तिच्या मनात होतं. तुम्ही तिला शिक्षणाचं महत्त्व वगैरे काही सांगितलं नाहीत. "पोरीला एक घर मिळालंय असं समजा," एवढंच म्हणालात. आई हसली, आणि तो विषय तिथेच संपला.

परीक्षेपेक्षा दाखला अवघड गेला. पप्पा नाक्यावर उभे राहणारे, उत्पन्नाचा पुरावा कुठून आणणार? मर्यादा तेव्हा दीड लाखाची होती, आम्ही तिच्या कितीतरी खाली, पण ते कागदावर यायला हवं ना! तुम्ही वहीच्या पानावर लिहून दिलंत: रेशनकार्ड, आधार, स्वयंघोषणापत्र, आधी तलाठ्याचा अहवाल, मग ठाण्याला तहसील. दिघ्याला तेव्हा स्टेशन नव्हतं, ते २०२४ ला झालं. पप्पांचे दोन खाडे पडले. ते पान अजून त्यांच्या पिशवीत आहे.

आणि तुमचे सकाळचे ज्यादा तास! बुद्धिमत्तेच्या पेपरातल्या आरशातल्या प्रतिमा कुणालाच जमेनात, तेव्हा तुम्ही पर्समधला छोटा आरसा काढून भिंतीवरच्या घड्याळासमोर धरलात. पावणेनऊ वाजता सव्वातीन वाजलेले दिसले. दोन्ही पेपर नव्वद-नव्वद प्रश्नांचे, आणि इंग्रजीचा एकही प्रश्न नाही, हे कळल्यावर माझी निम्मी भीती गेली होती.

निकालानंतरही तुम्ही पिच्छा सोडला नाहीत. नववीला विनाअनुदानित शाळेत गेलीस तर शिष्यवृत्ती जाईल, दरवर्षी पोर्टलवर नूतनीकरण कर, दहावीला ६० टक्के हवेतच. पहिल्या वर्षीचे पैसे इतके उशिरा आले की आईने आशाच सोडली होती. खरं सांगू, मीसुद्धा. तुम्ही मात्र दर महिन्याला पासबुक भरून आणायला लावायचात.

बारावी झाली, मग बी.कॉम. आता मी दुसऱ्यांच्या पगाराचे हिशेब करते.

शेजारचा मुलगा यंदा आठवीत आहे. मर्यादा आता साडेतीन लाख झालीय, त्यामुळे तो बसतो. दाखला मीच काढून दिला, पण आधारवर जन्मतारीख चुकलीय, आणि प्रतिमांमध्ये तो माझ्यासारखाच अडकतो. रविवारी त्याला घेऊन येते. चहा मी करीन.

तुमची,
तिसऱ्या बाकावरची