ब्रूस ली ठीक आहे हो, पण बाकीच्यांचं काय?

संपादक महोदय,

नमस्कार. तुमच्या रविवारच्या पुरवणीत वाचकांचे आवडते कुंग फू सिनेमे आले ते सगळे वाचले, आणि खरं सांगायचं तर बरं वाटलं, आपल्या गोव्यात अजून इतकी मंडळी या सिनेमांवर जीव टाकणारी आहेत म्हणजे. पण जो तो 'एंटर द ड्रॅगन', जो तो ब्रूस ली. म्हटलं आता लिहायलाच पाहिजे.

ब्रूस लीबद्दल माझी काही तक्रार नाही हां, आधीच सांगतो, नाहीतर लोक मला पेडण्याच्या बाजारात गाठतील. माणूस २० जुलै १९७३ ला गेला, वय अवघं ३२, आणि सिनेमा त्यानंतर महिन्याभरात अमेरिकेत लागला, त्यामुळे त्याला जे वलय आलं ते येणारच होतं. आरशांच्या खोलीतली ती शेवटची मारामारी कोण विसरेल? पण तो सिनेमा मुळात हॉलिवूडचा, दिग्दर्शक अमेरिकन, कथा जेम्स बाँड छापाची, बेटावरचा व्हिलन आणि त्याच्या हाताच्या जागी पंजा वगैरे. ब्रूस लीच बघायचा तर 'वे ऑफ द ड्रॅगन' बघा, १९७२ चा, त्याने स्वतः लिहिलेला आणि स्वतःच डिरेक्ट केलेला. रोमच्या कलोसियममध्ये चक नॉरिसबरोबर जी फाइट आहे ना, तिच्यात दोघं आधी निवांत अंग मोकळं करून घेतात, बोटं मोडतात, बाजूला एक मांजराचं पिल्लू बसलंय, कुणाला कसली घाईच नाही. आणि शेवटी मेलेल्या नॉरिसच्या अंगावर हा त्याचाच कराटेचा अंगरखा पांघरतो. सगळ्या 'एंटर द ड्रॅगन'मध्ये या एका गोष्टीच्या तोडीचं काही नाही, माझं तरी हे मत.

तर माझा मुद्दा. कुंग फू सिनेमा भारी की टुकार हे ठरवायची माझी एकच कसोटी आहे, कॅमेरा किती लांब उभा राहतो. माणूस डोक्यापासून पायापर्यंत दिसला पाहिजे, आणि मध्ये कट न मारता चारपाच वार तरी झाले पाहिजेत. हल्ली एक ठोसा मारायला चार कट लागतात, कॅमेरा असा हलवतात की बघणाऱ्याला गरगरतं, कारण हिरोला काही येत नाही ते झाकायचं असतं. त्या हाँगकाँगवाल्यांकडे झाकण्यासारखं काही नव्हतंच. जॅकी चॅन, सॅमो हंग, युएन बियाओ, तिघंही एकाच गुरूकडे चिनी ऑपेराच्या शाळेत वाढलेले, गाणं, अभिनय, कोलांट्या, तलवार सगळं एकत्र शिकायचं आणि चुकलं की छडी. 'एंटर द ड्रॅगन'वाल्यांना गंमत सांगतो, त्याच्यात सुरुवातीला ब्रूस ली ज्या जाड्या पोराशी लढतो तो सॅमो हंग, आणि पुढे तळघरात ज्याची मान मोडतो त्या पहारेकऱ्यांतला एक म्हणजे जॅकी चॅन.

ऑपेरातून आले म्हणून त्यांच्या फाइटला ताल असतो. मार, मार, चुकव, थांब, नजर, परत मार. आमच्या पेडण्याच्या बाजूला दशावतार बघत मोठा झालेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, राजा आणि राक्षस युद्धाला उभे राहिले की पखवाज आणि झांज कशी पावलागणिक चालते, आणि ताल चुकला तर मागच्या रांगेतला म्हातारापण लगेच ओरडतो. अगदी तस्संच आहे ते. म्हणूनच मला वाटतं आमच्याकडे हे सिनेमे भाषा न कळताही एवढे चालले.

आता माझा नंबर एक. 'द थर्टी सिक्स्थ चेंबर ऑफ शाओलिन', १९७८, हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स कंपनीचा, डिरेक्टर लाउ कार-लेउंग, हिरो गॉर्डन लिउ (तोच तो टकल्या, अक्षय कुमारच्या 'चांदनी चौक टू चायना'त व्हिलन होता). तुमच्या पुरवणीत याचं नाव कुणीच घेतलं नाही! चीनवर तेव्हा राज्य करणाऱ्या मांचू राजवटीने घरच्यांना मारलं म्हणून एक विद्यार्थी पळून शाओलिन मंदिरात येतो, त्याला कुंग फू शिकायचंय, बस एवढीच गोष्ट. मंदिरात शिकायच्या ३५ खोल्या, प्रत्येक खोलीत एकेक विद्या, आणि पठ्ठ्या म्हणतो मला एकदम सगळ्यात वरच्या खोलीतच घ्या, तिथून त्याला हात न लावता बाहेर फेकतात, मग मुकाट्याने सगळ्यात खालच्या खोलीपासून सुरुवात. खालची खोली म्हणजे काय तर जेवणघराच्या वाटेवर पाण्याचं एक टाकं, त्यात तरंगणारे ओंडके, त्यांच्यावर पाय देऊन पलीकडे जायचं, पडलास तर भिजून उपाशी. पुढे पाण्याच्या बादल्या हात सरळ बाजूला धरून वाहायच्या, दंडाला सुऱ्या बांधलेल्या, हात जरा खाली आला की पातं स्वतःच्याच बरगडीत. एका खोलीत मान न हलवता फक्त डोळ्यांनी हलता दिवा बघायचा, गालाच्या दोन्ही बाजूंना पेटत्या उदबत्त्या. सिनेमाचा मधला केवढा मोठा भाग नुसता हाच आहे, फाइट जवळजवळ नाहीच, आणि तरी माणूस जागचा हलत नाही, कारण तो गॉर्डन लिउ हे सगळं आपल्या डोळ्यांसमोर करतोय, कॅमेरा लांब उभा राहून बघतोय. शेवटी ३५ खोल्या पार करून हा म्हणतो मला छत्तिसावी खोली काढायचीय, मंदिराबाहेरच्या साध्या लोकांना शिकवायला. मोठ्या गुरूंना नियम मोडता येत नाही, म्हणून ते त्याला शिक्षा केल्यासारखं दाखवून बाहेर धाडतात. काय डोकं आहे बघा.

आणि हे उगाच रचलेलं नाही. लाउ कार-लेउंगचे वडील लाम साय-विंग नावाच्या उस्तादाचे शिष्य, आणि तो उस्ताद खुद्द वाँग फेई-हुंगचा शिष्य. वाँग फेई-हुंग म्हणजे खरा होऊन गेलेला माणूस, वैद्य आणि कुंग फूचा मास्तर, १९२५ मध्ये वारला. म्हणजे आपल्याकडे गाण्याचं घराणं असतं तसंच.

त्याच वाँग फेई-हुंगची 'ड्रंकन मास्टर'मध्ये जॅकी चॅनने काय धमाल उडवलीय, तोही १९७८ चाच, डिरेक्टर युएन वू-पिंग आणि दारुडा गुरू झालेत त्याचेच वडील. आधी क्वान टाक-हिंग नावाच्या नटाने हा वाँग ७० हून जास्त सिनेमांत गंभीर, देवमाणूस म्हणून केला होता, आणि इथे तोच वाँग वाया गेलेलं कार्टं! उलटं लटकून छोट्या कपाने खालच्या बादलीतलं पाणी वरच्या बादलीत भरतो तो सीन बघून पोट माझंच दुखतं. गुरू त्याला दारुड्यासारखं झोकांड्या खात लढायला शिकवतो, आठ दारुड्या देवांच्या नावाने आठ तऱ्हा, त्यांतली आठवी देवी, म्हणजे बाई, तिचे डाव याने शिकताना टाळलेले असतात, आणि शेवटच्या फाइटमध्ये गळ्याशी आल्यावर तो तेच स्वतःच्या मनाने रचून लढतो. समोर कोरियाचा हुआंग जंग-ली, त्याच्या लाथा पाहिल्यात का? पाय खाली टेकवतच नाही माणूस.

बायकांचे सिनेमे तर कुणी लिहिलेच नाहीत. किंग हूचा 'कम ड्रिंक विथ मी', १९६६ चा, चेंग पेई-पेई खानावळीत पुरुषाच्या वेशात शांतपणे बसलीय आणि भोवती गुंडांचा घेराव, तो सीन शिकवायला ठेवावा असा आहे. ती मुळात नाच शिकलेली, ते हालचालीत दिसतं. आणि कारा हुई, 'माय यंग आंटी', तिला पहिल्याच हाँगकाँग फिल्म अवॉर्डमध्ये बेस्ट अॅक्ट्रेस मिळालं, तेही मारामारीच्या सिनेमासाठी.

एका वाचकाने लिहिलंय की हिंदी डबिंगने या सिनेमांची वाट लावली. अहो, तिकडे शूटिंगच आवाजाशिवाय व्हायचं, सगळे आवाज मागाहून भरायचे, नटाचा आवाजसुद्धा बऱ्याचदा दुसऱ्याचा. तेव्हा हिंदी डबिंग बघा, मजा घ्या, कसलं पाप लागत नाही. खरी वाट लावली ती व्हिडिओ कॅसेटने. शॉ ब्रदर्सचे सिनेमे रुंद पडद्यासाठी काढलेले, एका टोकाला एक लढवय्या, दुसऱ्या टोकाला दुसरा. टीव्हीच्या चौकोनात बसवायला दोन्ही बाजू कापल्या, मग ऐंशीच्या दशकात आम्ही काय बघायचो तर एकटा माणूस हवेत हात मारतोय आणि कुठून तरी ठुप्प आवाज येतोय. कॅमेरा लांब ठेवून त्यांनी जे कमावलं होतं ते तिथेच गेलं. आताची पोरं मोबाइलवर उभ्या क्लिप बघतात, त्यात तर अर्धा माणूस पण मावत नाही.

म्हणून विनंती आहे, तुमच्या पेपरने हे लावून धरावं. २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत होतो, जगभरचे जुने सिनेमे रिस्टोअर करून दाखवतात, शॉ ब्रदर्सचा पण केवढातरी खजिना साफसूफ होऊन तयार आहे, मग एका नोव्हेंबरात चारपाच तरी या लोकांचे मोठ्या पडद्यावर का लावू नयेत? इफ्फीला जमत नसेल तर साखळीच्या रवींद्र भवनात लावा, तिकीट ठेवा, आम्ही काढू. फक्त एक करा, रात्री उशिराचा शो ठेवू नका, आमच्या बाजूला परत यायला बस मिळत नाही.

आपला,
एक वाचक, पेडणे